गेरूच्या खाली

एप्रिल लागला की कॉलेजात आमच्या भूशास्त्र विभागात लांब टेबलावर पांढरा कागद अंथरतात आणि त्यावर दगड मांडून ठेवतात. प्रत्येक दगडापुढे एक नंबर. घंटा वाजली की पुढच्या दगडापाशी सरकायचं, दोन मिनिटांत तो ओळखायचा, नाव लिहायचं, कसा तयार झाला ते लिहायचं, महत्त्व लिहायचं. पुन्हा घंटा. काल आमची तिसऱ्या वर्षाची प्रात्यक्षिक परीक्षा झाली. सात नंबरला गेरूचा तुकडा होता.

तो ओळखायला मला दोन मिनिटं लागत नाहीत. चार नंबरवर असतानाच तो मला दिसला होता. तरी रीत म्हणून हातात घेतला आणि त्यावर तोंडाची वाफ सोडली. गेरूवर अशी वाफ सोडली की ओल्या मातीचा वास येतो, ही त्याची खूण आहे. वास आला आणि मला आमच्या विहिरीचा तळ दिसला. नाव लिहिलं. कसा तयार झाला तेही लिहिलं. मग ‘महत्त्व’ या शब्दापुढे पेन टेकवलं आणि घंटा वाजेपर्यंत तसंच धरून ठेवलं. ती जागा कोरी राहिली.

परवा मला घरी जायचं आहे. विहिरीचं काम पुन्हा काढलं आहे आणि वस्तीवर माझी वाट बघताहेत. मला जायची भीती वाटते. ती कुणाला सांगता येत नाही, म्हणून लिहिते आहे.

आमची वस्ती संगमनेरच्या पठार भागात आहे. एका अंगाला मुळा, दुसऱ्या अंगाला प्रवरा, आणि दोन्ही नद्या आमच्या खालून जातात. तिकडे देवळाली प्रवऱ्याकडे ऊस उभा असतो, त्या दिवसांत आमच्याकडचे डोंगर करपलेल्या भाकरीच्या पाठीसारखे दिसतात. गवत जाऊन नुसता दगड उरतो, आणि तेव्हाच त्याची बांधणी नीट दिसते. एक सपाट कट्टा, मग कडा, मग पुन्हा कट्टा, पुन्हा कडा. लहानपणी आण्णा, म्हणजे माझे वडील, सांगायचे, “देवानं जिना बांधाया घेतल्ता. वर जायाचं ध्यान ऱ्हायलं न्हाई, म्हनून आर्ध्यात सोडला.”

कॉलेजात आले तेव्हा पहिल्याच महिन्यात कळलं की तो जिना लाव्ह्याचा आहे. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमीन फाटून लाव्हा वाहिला, थंड झाला, मग पुन्हा वाहिला. प्रत्येक पायरी म्हणजे एकेक वाहणं. आणि दोन वाहण्यांच्या मधे जो निवांत काळ गेला, त्यात वरचा दगड कुजून त्याची माती झाली, ती पुढच्या लाव्ह्याखाली भाजली गेली. तोच गेरू. आमच्याकडे पोळ्याला बैलाच्या शिंगांना लावतात तो, भिंतीला खालून पट्टा ओढतात तो. एवढी मोठी गोष्ट आमच्या चुलीपाशी डब्यात पडून होती आणि आम्हाला माहीत नव्हती, याचंच मला नवल वाटलं.

मी भूशास्त्र आवडीनं घेतलं नव्हतं. दुसऱ्या विषयाच्या जागा भरल्या होत्या. पण त्या दिवशी वर्गात मला आमचा डोंगर फळ्यावर दिसला, आणि आपल्या घरातलं कुणीतरी पुस्तकात छापून आलं आहे असं वाटलं. सुट्टीत गेल्यावर आण्णांना सगळं सांगितलं. ते ऐकत होते. म्हणाले, “म्हंजी हितं समदीकडं आग हुती?”

“हो.”

“मंग बरोबर हाय. अजून इझली न्हाई पुरती. वैशाखात जाऊन बग वर.”

आई हसून हसून भाकरी थापायची थांबली. आमच्या घरात माझ्या शिक्षणावर झालेली ती पहिली चर्चा. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मीच पहिली.

मग तो उन्हाळा आला. पहिल्या वर्षाची परीक्षा देऊन मी घरी आले होते. दोन वर्षं झाली त्याला.

वस्तीवर तेव्हा सात घरं होती. सातही घरांना पाणी एका विहिरीचं. ओढ्याच्या काठाला, आजोबांच्या पिढीनं हातांनी खोदलेली. होळीनंतर तिचं पाणी तळाला जायचं आणि मग एका कोपऱ्यातून झिरपत राहायचं. बायका आत उतरून वाटीनं हंडा भरायच्या. वाटी दगडाला घासल्याचा तो आवाज अजून माझ्या कानात आहे. एक हंडा भरायला बराच वेळ लागायचा, म्हणून रांग लागायची, आणि त्या रांगेत सगळ्या वस्तीच्या बातम्या, भांडणं आणि लग्नं ठरायची. पाणी थोडं होतं. पण पाऊस येईपर्यंत तो झिरा कधी पूर्ण थांबला नव्हता.

त्या वर्षी सगळ्यांनी मिळून ठरवलं की विहीर खोल करायची. खोल म्हणजे तळात मशिनीनं उभं बोअर मारायचं. ट्रॅक्टरवरचा कॉम्प्रेसर आला. त्याची लांब रबरी नळी विहिरीत सोडली. त्या आधी सगळे लिंबाखाली बसले, त्यात गेनबाबा होते.

गेनबाबा म्हणजे आमच्या भागातले विहीर खोदणारे. यारी लावून दगड उपसायच्या काळापासूनचे. सुरुंगाच्या धुरळ्यानं त्यांची छाती गेली आहे, दोन वाक्यं बोलले की थांबावं लागतं. लहानपणी त्यांनीच मला विहिरीच्या दगडातून निघालेला सुयांसारख्या पांढऱ्या स्फटिकांचा एक गोळा दिला होता. तो अजून आमच्या देव्हाऱ्यात आहे. त्यांची एक रीत होती. विहीर खोदताना तळाला गेरू लागला की ते पहार खाली ठेवायचे. त्या गेरूला हळदकुंकू वाहायचे, नारळ फोडायचा आणि काम बंद. कितीही सांगा, त्याखाली एक टिकाव मारायचे नाहीत. आमची विहीरही त्यांच्या वडलांनी तशीच गेरूवर थांबवली होती.

“बोअर मारा, न्हाई कोन म्हनतंय,” ते म्हणाले. “आडवं मारा. बाजूनं. गेरूला हात लावू नगा.”

“का पन?” पारूकाकीनं विचारलं. पारूकाकी आमच्या शेजारची. तिच्या तोंडाला सगळी वस्ती वचकून असायची.

“माजा बा म्हनायचा.”

“तुजा बा मरून किती पावसाळं झालं? तवापासनं तेच धरून बसलाय. आन् ही काय, कालिजात दगडांचंच शिकती ना? तिला इचारा.”

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. तोपर्यंत मोठ्या माणसांच्या बैठकीत मला कुणी काही विचारलं नव्हतं. मी चहाचे कप गोळा करायला आले होते. आण्णांनी तर मान वळवून असं बघितलं, जसं मी बोलायच्या आधीच त्यांना उत्तराचा अभिमान वाटत होता.

मी कप खाली ठेवले. काडी घेऊन मातीत रेघा ओढल्या. वर मुरूम, मग काळा पाषाण, मग गेरू. “आपल्याला वाटतं गेरू म्हणजे शेवट,” मी म्हणाले. “पण त्याच्या खाली दुसरा थर आहे. त्या थराच्या माथ्याला भोकं असतात, मधाच्या पोळ्यासारखी. त्यांत पाणी राहू शकतं. गेरू नुसतं झाकण आहे. ते फोडलं पाहिजे.”

“तू खाली जाऊन पायलंस व्हय, पोरी?” गेनबाबांनी विचारलं. चिडून नाही, सरळ विचारलं.

“पुस्तकात आहे, बाबा.”

आणि त्यावर मी अजून एक वाक्य बोलले. ते कुणाच्या लक्षात नसेल, माझ्या आहे. मी म्हणाले, “हळदकुंकू वगैरे अंधश्रद्धा असते.”

गेनबाबा उठून विहिरीच्या काठाशी जाऊन बसले.

बोअर सुरू झालं. आधी राखाडी धुरळा आला, मग लाल. विहिरीतून लाल ढग वर आला आणि लिंबाच्या पानांवर, बायकांच्या पदरांवर, रिकाम्या हंड्यांवर बसला. मग लाल चिखल उसळला. आणि एकदम मशीनवाला ओरडला, कारण दांडा हातभर आपोआप खाली गेला होता. पोकळ लागलं! लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी मला गूळ दिला.

कामापायी कुणी उपसलं नव्हतं, म्हणून तळाशी पोटरीइतकं पाणी साठलं होतं. मशीन वर काढल्यावर ते गढूळ लाल पाणी त्या भोकाभोवती हळूहळू फिरायला लागलं. न्हाणीतलं पाणी मोरीतून जाताना शेवटी जसा आवाज करतं, तसा आवाज आला.

“आता वर यील,” पारूकाकी म्हणाली.

सगळ्या जणी हंडे घेऊन काठावर बसल्या. ऊन कलायला लागलं. पाणी वर आलं नाही. जे होतं तेही गेलं. कोपऱ्यातला झिरा अजून चालूच होता, पण त्याचं पाणी तळावर एक ओली रेघ काढत सरळ भोकाकडे जात होतं. मी ती रेघ बघत बसले. गेरू झाकण नव्हता, पाणी धरणारा तळ होता, हे मला तेव्हा समजलं.

गेनबाबा उठले, धोतर झटकलं आणि घरी गेले.

मला कुणी बोललं नाही. हे मी परत परत सांगते, कारण तेच मला सोसत नाही. वस्तीवर एकमेकींच्या सात पिढ्या उद्धरणाऱ्या बायका, पण मला एक शब्द नाही. पारूकाकी उलट माझ्या पाठीवरून हात फिरवून म्हणाली, “तुजा काय दोस, बाई? दगडाच्या पोटातलं कोनाला कळतंय.” मला वाटत होतं, हिनं मला शिव्या द्याव्यात. शिकलेल्या पोरीचं चुकत नसतं, दगडाचंच चुकतं, असं सगळ्यांनी जणू ठरवूनच टाकलं होतं.

मी पुस्तक काढून बघितलं. लाव्ह्याच्या थरांचा धडा मी पाठ केला होता. त्याच्या पुढचाच धडा भूजलाचा. तो मी ऑप्शनला टाकला होता. आम्ही मुलं असंच करतो, पाच धड्यांपैकी चार केले तरी पेपर पूर्ण होतो. तो धडा उघडला तर तिसऱ्या पानावर एक आकृती होती. गेरूसारखा पाणी खाली जाऊ न देणारा थर, आणि त्याच्यावर तरंगल्यासारखं थोडंसं अडलेलं पाणी. खालचा थर डोंगराच्या उतारावर उघडा पडला असेल, तर त्यातलं पाणी बाहेर निघून जातं आणि तो कोरडा राहतो. आमचं पठार. आमची विहीर. मी सांगितलं त्यातलं एक वाक्यही खोटं नव्हतं, आणि त्याच्या पुढचं मी वाचलं नव्हतं. त्या आकृतीपाशी मी पुस्तक मिटलं. तिच्या पुढची पानं मी आजपर्यंत वाचलेली नाहीत. परीक्षेत प्रत्येक वेळी दुसरा प्रश्न घेतला.

त्या उन्हाळ्यात आई कड्याखालच्या झऱ्यावरून पाणी आणायची. उतरायला सोपं, चढताना डोक्यावर हंडा. एकदा मुरमावरून पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं. ते वाकडंच जुळलं. आता ती हंडा डाव्या हातानं उचलते. भाकरी थापताना तिचा हात मधेच थांबतो, आणि आता ते हसण्यामुळे नसतं.

मीही तिच्याबरोबर जायचे. कड्याच्या पोटाला गेरूचा लाल पट्टा दिसतो, चंदनापुरीच्या घाटात रस्त्याकडेला दिसतो तसाच. एका ठिकाणी त्या पट्ट्याच्या बऱ्याच खाली, हात पोचणार नाही अशा उंचीवर, दगड ओला झालेला मला दिसला. आधी तिथे ओल नव्हती, असं आई म्हणाली. थेंब थेंब पाणी उघड्या कातळावर पडत होतं आणि खाली पोचायच्या आत वाळत होतं. ते आमचंच पाणी आहे हे मी सिद्ध करू शकत नाही. पण मी तिथे उभी राहून, तोंड वर करून बराच वेळ बघत होते. आईनं विचारलं, “काय बगतीस?” मी म्हणाले, “काही नाही.”

नगरला कॉलेजात परत आल्यावर हॉस्टेलच्या कूलरखाली बाटली धरली की मला नळ बंद करायची घाई होते. मैत्रिणी हसतात. त्यांना वाटतं मी चिकट आहे.

दुसऱ्या वर्षी धीर करून आमच्या सरांना विचारलं. आमची विहीर आहे असं मी सांगितलं नाही, एका गावात असं झालं आहे एवढंच सांगितलं. सर म्हणाले, भोक बुजवून बघा, चिकणमातीनं ठासून. मग गेल्या उन्हाळ्यात आम्ही तेच केलं. घाटाच्या कडेनं पोत्यांत गेरू भरून आणला. बायकांनी तो भिजवून पायांनी तुडवला, घर सारवायची माती तुडवतात तसा. त्याचे लाडूएवढे गोळे केले. आणि ते भोकात टाकून ठासायला खाली कोण उतरणार, तर गेनबाबा उतरले. कुणाचं ऐकेनात. त्यांच्या हाताशी मी.

विहिरीच्या तळाशी थंड असतं. वर आभाळाचा एक गोल तुकडा. चारी बाजूंना आमच्या डोंगराचं अंग, काळा पाषाण, त्यात गारगोटीचे पांढरे ठिपके, आणि पायाखाली गेरू. मी गोळा द्यायचे, ते टाकायचे आणि लाकडी दांड्यानं ठोकायचे. दर चार गोळ्यांनी थांबून श्वास घ्यायचे. अशाच एका थांबण्यात मी बोलून गेले.

“बाबा, तो धडा मी ऑप्शनला टाकला होता.”

“म्हंजी?”

“म्हणजे वाचला नव्हता. परीक्षेत एक धडा सोडला तरी चालतो.”

त्यांनी दांडा भिंतीला टेकवला. “आसं चालतं व्हय?”

“चालतं.”

त्यांनी भोकात वाकून बघितलं. मग म्हणाले, “मलाबी ठावं नव्हतं, का थांबायचं ते. बा म्हनला, थांब. कुनी का म्हनलं की माजं तोंड बंद. तेवडं ठावं आसतं तर तुला सांगितलं नसतं व्हय मी?” आणि हात पुढे केला. “आन पुडचा.”

पावसाळ्यात विहीर भरली. दोन पुरुष उंचीचं पाणी चढलं. पारूकाकीनं विहिरीची ओटी भरली. दिवाळीला आण्णांनी मला फोनवर पाण्याचा आवाज ऐकवला, खडा टाकून. मी तो फोन कानाला लावून हॉस्टेलच्या जिन्यात रडले. पण पूर्वी जे पाणी होळीपर्यंत दिसायचं, ते संक्रांतीलाच तळाला गेलं. झिरा थांबला. कुठेतरी अजून एक फट आहे. माझ्या बोअरनं तडकलेली असेल, नाहीतर पहिल्यापासूनची असेल.

संक्रांतीनंतर पारूकाकीच्या घराला कुलूप लागलं. ती मुलासोबत देवळाली प्रवऱ्याकडे गेली, तिकडे पाटाला पाणी असतं. तिच्या मागोमाग अजून दोन घरं. सातांतली चार उरली. टँकर येतो तेव्हा येतो. आण्णा फोनवर कधी लांबड लावत नाहीत, पण गेल्या आठवड्यात म्हणाले, “यंदा हीर न्हाई धरली तर आपल्यालाबी खाली जावं लागंल, वैशू. तुजी आई न्हाई म्हनती. पन किती दिस?”

मी वसतिगृहाच्या गच्चीवरून बघते. उन्हात लांबवर डोंगरांच्या पायऱ्या दिसतात, फिकट, एकीवर एक. पुस्तक म्हणतं, प्रत्येक पायरीच्या मधे हजारो वर्षांची शांतता गेली. तेवढ्या वेळात दगडाची माती झाली, आणि त्या मातीनं आमचं पाणी धरून ठेवलं. मी ती एका दुपारी फोडली. दगडाला पुन्हा माती व्हायला लागणारा वेळ माझ्याकडे नाही. माझ्याकडे पाऊस येईपर्यंतचे दिवस आहेत, आणि चार घरं.

आज दुपारी आण्णांचा फोन आला. गेनबाबा म्हणतात, सगळा तळ घासून काढू, फट शोधू, पुन्हा ठासू. मी म्हणाले, “आण्णा, मला नका बोलावू. माझं ऐकून एकदा झालं तेवढं पुरे.” पलीकडे कुणीतरी फोन ओढून घेतला. आधी खोकला ऐकू आला.

“पोरी, परवा यायचं. गोळं देयाला कोन हाय मला?”

“बाबा, पण...”

“आन् ती फट कशी वळकायची ते तुज्या पुस्तकात आसंल न्हवं?”

“असेल.”

“मंग पुस्तक आन.” ते थांबले. श्वास घेत होते. “ह्या खेपेला समदं वाचून आन.”

फोन बंद झाला. दोन वर्षांत त्या चुकीवरून मला बोललेला तो पहिला माणूस.

पुस्तक समोर उघडं आहे. आकृतीचं पान उलटलं. धडा सगळा अकरा पानांचा आहे.